दुपारची भरती

पितांबर आबांनी पातेल्यातून डाळीचा एक दाणा उचलला, बोटांत दाबला, आणि तो फुटेना म्हणून भर मांडवात बेबाअक्कांच्या पायाशी टाकला.

“तीन तास झाले अन् डाळ कच्चीच शे,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “अक्का, तुमना हात गया आते. रविवारच्या लग्नाला मी जळगावचा केटरर सांगतो.”

बेबाअक्कांनी वाकून तो दाणा उचलला. गेली तीस वर्षं नांदझिरे गावातल्या प्रत्येक लग्नाची वरण-बट्टी त्यांच्या हातची. आणि आज आबांच्या धाकट्या मुलाच्या साखरपुड्यात, पाहुण्यांदेखत, हे असं! बरं, वरण कच्चं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी बट्ट्या मात्र तुपात बुडवून चार-चार खाल्ल्या.

अक्कांची भाची स्नेहल सुट्टीला पिंप्राळ्याहून आली होती. तिचा संताप अनावर झाला.

“आत्याचं चुकूच शकत नाही,” दुसऱ्या दिवशी पहाटेच ती भूषणला म्हणाली. भूषण हा अक्कांचा मुलगा, सातवी पास, आणि कालपासून कोणाशी धड बोलत नव्हता. “पाण्यात क्षार वाढले की डाळ शिजत नाही. बाबांच्या दुकानात रोज हेच ऐकते मी. चल डोहावर.”

स्नेहलचे बाबा पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतात. त्यांनी तिला पाण्यातले क्षार मोजायचं पेनाएवढं मीटर दिलं होतं. गाव पाणी भरतं ते डोहाकाठच्या विहिरीचं. सहा वाजता तिथे बायकांची गर्दी होती. स्नेहलने मीटर बुडवलं. तीनशे वीस. पाचशेच्या आत म्हणजे चांगलं.

“चांगलंय की पाणी,” भूषणचा चेहरा पडला. “म्हणजे आईचंच चुकलं?”

“थांब. काल आत्याने पाणी कधी भरलं?”

“तीनला. सकाळी बायकांच्या घागरी रांगेत होत्या. आपल्या मोठ्या टाकीने त्यांचा खोळंबा नको म्हणून आई थांबली.”

म्हणजे बघा, अक्का दुसऱ्यांसाठी थांबल्या आणि बोलणीही त्यांनीच खाल्ली!

तीन वाजता दोघं पुन्हा विहिरीवर गेले. आता तिथे चिटपाखरू नव्हतं. मीटरवर आकडा आला चौदाशे ऐंशी. भूषणने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं.

“मचूळ आहे. सकाळी गोड आणि दुपारी खारं, असं कसं?”

“समुद्राला भरती येते तसं काहीतरी.”

“इथे कुठला समुद्र? धरणगावला?”

मागून कोणीतरी हसलं. ती रूपाली होती, पितांबर आबांची नात. भूषणने तिच्याकडे पाठ फिरवली.

“माझ्यावर कशाला रागावतोस?” रूपाली म्हणाली. “मलाही आजोबांचं वागणं आवडलं नाही. मी येऊ का तुमच्यासोबत?”

पुढचे दोन दिवस तिघांनी दर तासाला पाणी मोजलं. रात्री आणि सकाळी नऊपर्यंत पाणी गोड. दहानंतर आकडा चढायला लागायचा, तीनला सगळ्यात वर. संध्याकाळी पाचनंतर हळूहळू उतरायचा.

विहिरीत झिरपतं ते डोहाचंच पाणी, आणि डोहाला दोन बाजूंनी पाणी मिळतं. वरच्या अंगाला गोड्या पाण्याचा झरा, आणि खाली बंधाऱ्याजवळ खारवट रानातून येणारा खारा नाला. भूषणने त्या नाल्याच्या तोंडाशी लिंबाचा पाला टाकला. सकाळी पाला बंधाऱ्यावरून वाहून गेला. दुपारी टाकलेला पाला मात्र उलटा, वर डोहाकडे सरकला!

“झऱ्याचा जोर असला की तो खाऱ्या पाण्याला बाहेर ढकलतो,” स्नेहल म्हणाली. “म्हणजे दुपारी झऱ्याचं पाणी डोहात येतच नाही. पातळी उतरते आणि खारं पाणी आत शिरतं.”

“नऊ ते पाच,” रूपाली हळूच म्हणाली. “सौर फीडर, म्हणजे उन्हावरची वीज, आल्यापासून शेतीची लाईट नऊ ते पाच असते. मोटारी तेव्हाच चालतात.”

तिघं धावतच झऱ्यावर पोचले. झऱ्याच्या कुंडात काळा पाइप होता आणि वर झुडपात मोटार गुरगुरत होती. पाइप गेला होता केळीच्या बागेजवळच्या शेततळ्यात. शेततळं काठोकाठ भरून पाणी बांधावरून रस्त्यावर वाहत होतं, नुसता चिखल. स्टार्टरला ऑटो बसवलेला. लाईट आली की मोटार आपोआप चालू, कोणी बघायलाच नको.

“कोणाची मोटार आहे ही?” भूषण ओरडला.

रूपालीचा चेहरा उतरला होता. “आमची. आजोबा महिनाभरात इकडे फिरकलेले नाहीत. सांगायला मीच जाईन पुढे.”

आबा पारावर बसले होते. रूपालीने सगळं सांगितलं, स्नेहलने आकड्यांची वही पुढे धरली. आबांनी ती उघडलीसुद्धा नाही.

“पेनाने पाणी मोजतात का कुठे? जा, खेळा.”

“पेनावर नाही ना विश्वास?” स्नेहलचा आवाज चढला. “मग डाळीवर ठेवा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पाराजवळ दोन चुली पेटल्या. घरातली एकच तूरडाळ, दोन सारखी पातेली. एकात सकाळी सहाचं पाणी, दुसऱ्यात तीनचं. अख्खा पार गोळा झाला. तासाभराने आबांनी पहिल्या पातेल्यातला दाणा दाबला, त्याचं पीठ झालं. दुसऱ्यातला दाबला. पुन्हा दाबला. तो तसाच.

आबांनी तो दाणा चुलीत टाकला. मग उठून झऱ्याकडे गेले आणि मोटारीची वायर स्वतः सोडून आले.

“पोरं हुशार शेत,” पारावरचे जीवराम नाना म्हणाले. “बठ्ठं गाव रोज पाणी भरतं, पण आपल्याला नाही कळलं.”

“आम्हाला शाबासकी नको, नाना,” स्नेहल म्हणाली. मग ती आबांकडे वळली. “आत्याला बोललात भर मांडवात, आणि चूक मात्र इथे पारावरच मिटवणार? हा कुठला न्याय?”

 त्याच संध्याकाळी आबा बेबाअक्कांच्या दारात गेले आणि लग्नाचा स्वयंपाक तुम्हीच करा म्हणाले.

“लग्नाचा स्वयंपाक मी करीन,” अक्का शांतपणे म्हणाल्या. “पण मांडवात पहिला दाणा तुम्ही दाबायचा.”

रविवारी पाचशे माणसं पंगतीला बसली होती. आबांनी पातेल्यातला दाणा उचलला, दाबला आणि बोटं वर धरली.

“शिजनी शे,” त्यांचा आवाज मांडवभर गेला. “त्या दिवशीबी अक्कांचा हात बरोबर व्हता. पाणी मी बिघाडं. चूक मनी व्हती.”

 बेबाअक्कांनी पदराने घाम टिपला, पळी उचलली आणि म्हणाल्या, “बसा मग पानावर, आबा. वरण गार होतंय.”