हुंकाऱ्या धोंड्याचा बळी

फौजदारसाहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. खुर्चीवरून न उठता, त्या धोंड्याला हातही न लावता लिहिलंत : 'दारूच्या नशेत तोल जाऊन मृत्यू.' एक ओळ. त्या ओळीखाली एक तिशीतला पेंटर गाडला गेला, आणि त्याची आई जिवंतपणी.

येरमाळ्याच्या अलीकडं, वळणावर, रस्त्याला लागूनच हुंकाऱ्या धोंडा उभा आहे. तीन माणसं उंच काळा कातळ. पोटात आरपार भोक. वारा सुटला की आतून कण्हल्यासारखा आवाज येतो. अंगावर तिळाएवढी जागा मोकळी नाही. बाण घुसलेली बदामं, निवडणुकीच्या निशाण्या, मूळव्याधीच्या डॉक्टरचा नंबर, भावी आमदार. लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी आता हयात नाहीत. लोक म्हणतात, ज्याचं नाव धोंड्यावर, त्याला धोंडा कधीतरी बोलावतोच.

चैतातल्या भर दुपारी त्याच्या पायथ्याशी हा पेंटर, प्रेमानंद, मेलेला सापडला. आठव्या दिवशी त्याची बहीण भाग्यश्री, सरकारी दवाखान्यातली नर्स, आईला हुडकत तिथं पोचली. म्हातारी सरुबाई धोंड्यापुढं पदर पसरून बसली होती.

"आई, ऊठ. कुणापुढं पदर पसरतीस?"

"बोलवायलाय गं त्यो. आवाज माझ्या प्रेमाचाच हाय. म्या माफी मागते, मग सोडंल ह्यो त्याला."

ज्या घरात आज्ज्यानं देव टोपलीत भरून नदीला सोडले, त्या घरातली ही बाई! भाग्यश्रीच्या अंगावर काटा आला, कारण आवाज खरंच भावासारखा होता. आज ना उद्या हा धोंडा आईलाही नेणार, हे तिला लख्ख दिसलं.

तिनं फोन करून हवालदार बलभीमला बोलावून घेतलं.

"काका, पंचनामा तुमीच केला न्हवं? रंगाचा डबा कुठं हुता?"

"हितंच, पायथ्याला. चेपलेला, रिकामा. तांबडा तेलरंग. जत्रेसाठी धाब्याची जाहिरात लिवायला आलता."

"डबा वरनं पडला, तर धोंड्यावर तांबडं कुठंय?"

बलभीम मान वर करून बघत राहिला. पिवळं, निळं, उन्हानं करपलेलं सगळं जुनं. ताजा तांबडा थेंबसुद्धा नव्हता.

"आन् चपला?"

"पायथ्याला शेंदूर फासलेला दगड हाय न्हवं, त्याच्यापाशी. जोडीनं, नीट लावलेल्या. चढणारा परत्येक जण तसंच करतो की."

"चढताना बघितलं कुणी?"

"महारुद्रअण्णानं, धाबेवाल्यानं. जबाब हाय त्याचा. प्यालेला हुता; चपला काढल्या, शेंदराला हात लावला, पाया पडला आन् चढला."

भाग्यश्रीनं कातळावर तळहात टेकला आणि झटक्यात मागं घेतला.

"मला धाब्यावर न्या."

"पोरी, सायबानं फाईल बंद केलीया. माझी बदली करतीस व्हय?"

"आईकडं बघा, मग ठरवा."

सरुबाई भोकाच्या दिशेनं कान करून कुणाशी तरी हळूहळू बोलत होती. बलभीमनं मोटारसायकलला किक मारली.

धाब्यापुढं महारुद्र खाटेवर पसरला होता. शेजारी त्याची जुनी पांढरी जीप.

"ये भाग्यश्री. लई वाईट झालं बघ. त्या धोंड्याच्या नादाला लागू नये माणसानं. चहा घेतीस?"

"नको. अण्णा, जीप जुनाट, आन् बंपर तेवढा तांबडाभडक?"

"जत्रा हाय. सजवली."

"नुसता बंपर?"

भाग्यश्री हवालदाराकडं वळली.

"काका, प्रेमाला शेवटची आंघोळ म्या घातली. तळपाय कोरे हुते. चैताच्या दुपारी त्या कातळावर अनवाणी चढलं तर फोड येत्यात. त्यो चढलाच न्हाय. दोन्ही नडग्या एकाच उंचीवर मोडलेल्या. ह्या बंपरला टेप लावून बघा. वळणावर जीपनं उडवला त्याला. डबा फुटला, रंग बंपरवर उडाला, निघंना. म्हणून अख्खा बंपरच तांबडा केला. रस्त्यावर माती लोटली, प्रेमाच्या तोंडात दारू वतली आन् त्याला धोंड्याखाली टाकला. धोंडा माणसं खातो, मग इचारतंय कोण?"

"कशावरनं?" महारुद्र ताडकन उठला. "म्या डोळ्यानं बघितलाय त्याला, पाया पडताना!"

"तिथंच फसला तुमी. तुमच्या वळखीतला परत्येक जण शेंदरापुढं चपला काढतो. म्हणून तुमी त्याच्याबी काढून जोडीनं लावल्या. अण्णा, आमच्या घरात शेंदराला कुणी हात लावत न्हाय. माझा भाऊ दगडापुढं जन्मात वाकला न्हवता. जे घडलंच न्हाय, ते तुमाला दिसलं कसं?"

बलभीम जीपपुढं उकिडवा बसला. बंपरच्या मागं, ब्रश पोचतच नाही तिथं, रेडिएटरच्या जाळीपर्यंत तांबडे शिंतोडे वाळले होते. त्यानं खिशातून फोन काढला, फोटो घेतले, मग जीपची किल्ली काढून मुठीत धरली.

महारुद्र मटकन खाटेवर बसला. "वळणावर दिसलाच न्हाय गं. भ्यालो म्या. लई भ्यालो."

भाग्यश्री त्याच्यासमोर वाकली. आवाज चढवला नाही.

"माझा दवाखाना तिथनं धा मिनटावर. त्या दुपारी ड्यूटीवर मीच हुते, ऑक्सिजन भरलेला हुता. अण्णा, त्याला फरफटत नेला तवा त्याचा श्वास चालू हुता का? खाली बघू नका. सांगा, चालू हुता का?"