दोरा पुरेना

शरच्चंद्र गुरुजींनी जन्मात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि ते नेमकं लेकीचं होतं.

आईच्या शेवटच्या दिवसांत गार्गीला पोचता आलं नाही, तेव्हापासून गुरुजी तिच्याशी बोलेनासे झाले होते. तीन वर्षांपूर्वी तिनं नैरोबीहून लिहिलं, ‘बाबा, शेगावहून मुंबई गाडीनं नऊ तास. मुंबईहून इथं विमानानं सहा. एकदा याल? नुसतं हो किंवा नाही कळवा.’ गुरुजी कितीदा तरी लिहायला बसले. प्रत्येक मजकूर त्यांना नापास वाटला.

शाळेत भूगोल शिकवताना ते मुलांना पृथ्वीगोलावर दोरा ताणून अंतर मोजायला लावत. पत्र आलं त्या दिवशीही त्यांनी मुंबईपासून नैरोबीपर्यंत दोरा ताणला, कापला आणि पट्टीवर धरला. साडेचार हजार किलोमीटर. दोरा पाकिटातच ठेवून दिला.

यंदा दसऱ्याला पुस्तकांची पूजा मांडताना पाकीट हाती आलं. त्यांनी दोरा गोलावर लावून पाहिला, तर तो समुद्रातच संपला. नैरोबी बोटभर पुढे राहिलं.

दोरा आटला असेल. चूक आपलीच, नेहमी असतेच. त्यांनी नवा कापला. दिवाळीपर्यंत तोही बोटभर तोकडा पडला. गोलावर दोन्ही गावं जागच्या जागी होती.

शेजारच्या पुष्पाबाई यात्रेकरूंना खोल्या देत. गाड्यांच्या वेळा त्यांच्या मोबाइलवर असायच्या. गुरुजींनी संकोचत त्यांना विमानाचं बघायला सांगितलं. सात तास निघाले. आठवड्यानं अकरा.

“काऊन हो गुरुजी,” त्या हसल्या, “इमान काय बैलगाडीले जुंपलं?”

पुढच्या सोमवारी मात्र त्या हसल्या नाहीत. एकतीस तासांचा आकडा दाखवून त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

“पोरीले फोन लावा, गुरुजी. आत्ताच.”

तीन वर्षांत त्यांनी तो नंबर फिरवला नव्हता. तो पाठ होता.

पलीकडे फोन उचलला गेला. गुरुजी म्हणाले, “गार्गी, मी बाबा.”

काहीच आलं नाही. नुसता वाऱ्यासारखा आवाज. ते मनात आकडे मोजू लागले. शंभराला त्यांनी फोन खाली घेतला. तेवढ्यात हातातूनच, बारीक, ऐकू आलं.

“बाबा? लवकर बोला ना. तुमचा आवाज फार लांब जाऊन राह्यला.”

शेगाव सोडून वीस वर्षं झाली, तरी वऱ्हाडी गेली नव्हती.

“गार्गी!”

ते तीनशेपर्यंत मोजत राहिले. मग फोन बंद पडला. पुन्हा लागला नाही.

घरी येऊन त्यांनी दोऱ्याचं अख्खं रीळ गोलावर सोडलं. ते संपलं. नैरोबी दिसत होतं, बोटभर पुढे.

त्यांनी कागद ओढला. या खेपेला मजकूर तपासला नाही.

‘हो. निघतो. तू आहेस तिथंच थांब.’

पोस्टात हवाई टपालाची तिकिटं लावली. बाहेरच्या लाल पेटीत पाकीट अर्धं सरकवलं, क्षणभर धरून ठेवलं आणि सोडलं.

पत्र तळाशी पडल्याचा आवाज येईल म्हणून त्यांनी फटीला कान लावला.

दुपारी पुष्पाबाई त्यांना शोधत आल्या, तेव्हा ते तसेच उभे होते. कान फटीला. ओठ हलत होते. आकडा नऊ हजारांच्या पुढे गेला होता.