एक फर्मा, दोन पत्रिका

“पाहुणं, लगीन मोडलंत की ओ तुमी!”

जाई आत्या त्याच्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. कऱ्हाडच्या आमच्या छापखान्यात तो शिरला काय, काखेतलं कागदांचं बाड टेबलावर आदळलं काय आणि आत्यानं सकाळपासून शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवून ठेवलेली लग्नपत्रिका खळ्ळकन खाली! सगळी अक्षरं फरशीभर.

“कु... कुणाचं लग्न?” तो पांढराफटक.

“रेठऱ्याच्या पाटलांचं. बारा तारखेला हाय. म्हंजे... हुतं.”

बिचारा गुडघ्यांवर बसून खिळे वेचायला लागला. एक अक्षर डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, “हे उलटं आहे.”

“खिळ्यावर अक्षर उलटंच असतंय. पर तुमी त्या उलट्याचंबी उलटं धरलंय.”

मी दहावीचा भूमिती-सराव सोडून तोंडावर वही धरली. हसू आवरेना!

जाई आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तेवीस वर्षांची. खिळे जुळवण्यात तिचा हात असा चालायचा, की बघणाऱ्याला वाटावं बोटांनाच डोळे आहेत. आणि हा होता मानसिंग. शिराळ्याकडचा, इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला. नदी-विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी आपोआप चालू-बंद करणारी पेटी त्यानं बनवली होती. पेटीच्या पोटात नखाएवढी चिप, आणि ती म्हणे अख्खा कॉम्प्युटर! १९७९ साल चालू होतं. आम्ही कॉम्प्युटर फक्त वर्तमानपत्रात पाहिलेला.

“पेटी कशी वापरायची त्याची पुस्तिका छापायचीय,” तो म्हणाला. “दोन वेगवेगळ्या. सांगलीला दोन मोटारी आहेत, कोरेगावच्या विहिरीवर एकच.”

“बाकी मजकूर?”

“तोच.”

“मग दोन कशाला जुळवायच्या? लग्नाचं बघा की. मुहूर्त एक, मांडव एक. ‘आमची कन्या’ ह्या ओळी मी दोऱ्यानं येगळ्या बांधती. नवरीकडच्या पत्रिका छापून झाल्या की तेवढी जुडी काढायची, ‘आमचे चिरंजीव’ची घालायची. फर्मा, म्हंजे ही खिळ्यांची चौकट, एकच; पत्रिका दोन.”

मानसिंग खिळे टाकून उभाच राहिला. “अवो, हेच! चिपच्या प्रोग्राममध्ये मी हेच करतो!”

त्यानं बाड उलगडलं. रुंद कागदांवर इंग्रजी ओळीच ओळी. एका जागी ‘इफ सांगली’, खाली काही ओळी, मग ‘एंडिफ’, म्हणजे तिथं ‘जर’ संपला.

“मग चिपला कसं कळतं, ती सांगलीत आहे का कोरेगावात?” मी विचारलं.

“कळतच नाही! सगळ्यात वर एक ओळ असते, गाव कुठलं ते सांगणारी. पुण्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ह्या मजकुराचं चिपच्या भाषेत रूपांतर होतं. त्याच वेळी, चिप जन्मायच्या आधी, ठरतं... इफ ते एंडिफमधल्या ओळी ठेवायच्या की गाळायच्या. गाळल्या त्या चिपमध्ये जातच नाहीत. जागा वाचते. चिपमध्ये जागा केवढी, तर तुमच्या चार पत्रिकांएवढी!”

“म्हंजे नवऱ्याकडच्या पत्रिकेला ठावंच नसतंय, की नवरीकडची जुडी कवा बांधली हुती,” आत्या हळूच म्हणाली.

“अगदी! विहिरीत पाणी आहे का, हे मात्र चिप रोज चालताना विचारते. तो ‘जर’ निराळा. हा ‘जर’ छापायच्या आधीचा.”

तो तिच्याकडे बघत होता. ती त्याच्या शाई लागलेल्या कोपराकडे. मला काही कळत नाही असं दोघांनाही वाटत होतं — वा रे वा!

मग काय, पुस्तिकेचं प्रूफ तपासायला साहेब रोज संध्याकाळी हजर. एके दिवशी फक्त एका स्वल्पविरामासाठी आले.

“सायेब, येवढ्यासाठी सायकल मारत आलासा?”

“स्वल्पविराम महत्त्वाचा असतो. माणूस थांबतो तिथं... जरासा.”

आत्याच्या हातातला खिळा चुकीच्या खणात पडला. मी पाहिलं!

सांगलीची चाचणी झोकात झाली. उरलं कोरेगाव, येत्या सोमवारी. शुक्रवारी तो दुपारीच आला तेव्हा चेहरा उतरलेला.

“बंगळूरहून नोकरीचं पत्र आलंय. मंगळवारपर्यंत उत्तर हवंय. कोरेगाव जमलं तर तिथली पाणीपुरवठा संस्था आणखी दहा पेट्या घेणार, मी इथंच राहीन. नाही जमलं तर...”

“न जमायला काय झालं? सांगलीत चाललं की.” आत्याचा आवाज मात्र दोऱ्यासारखा ताणलेला. “आणा ते कागद.”

“तुम्हाला त्यातलं...”

“कळत न्हाई. मला रोजच्या मजकुरातलं तरी कुठं सगळं कळतंय? जुडी कुठं सुटती आन् कुठं बांधली, तेवढं कळतंय.”

ती एका बोटानं ओळी मोजत खाली आली. ‘इफ सांगली’ — दोन मोटारींच्या ओळी — मग बोट थांबलं.

“मागल्या साली माझ्या हातनं एक जुडी बांधताना खालची एक ओळ जास्ती आली. नवरीकडच्या पत्रिका झ्याक झाल्या. नवऱ्याकडची छापताना जुडी काढली... आन् तिच्यासंगं मुहूर्तबी गेला. अख्खं वऱ्हाड जेवणं उरकल्यावर पोचलं! तवापास्नं मी दोऱ्याची गाठ दोनदा बघती.” तिनं कागदावर नख ठेवलं. “ही वॉटर लिवलेली ओळ. ही निस्ती सांगलीची हाय, का दोन्ही गावांची?”

मानसिंग वाकला. “दोन्ही... पाणी असलं तरच मोटार चालू...” त्याचं बोट खालच्या ओळीवर सरकलं. “एंडिफ एक ओळ खाली पडलाय! कोरेगावच्या चिपमधून ही ओळ गाळली गेलीय. विहिरीत पाणी नसतानाही मोटार सुरू होईल. जळेल!”

“सांगलीत कसं दिसणार? तिथं जुडी आतच हुती.”

“जाई...” पहिल्यांदाच नुसतं नाव! पुढचं बोलायला वेळ नव्हता. दुपारची पुण्याची एसटी सुटत होती. ‘एंडिफ’ एक ओळ वर नेऊन तो पळाला. टोपी आमच्याकडेच राहिली.

सोमवारभर आत्यानं ‘सत्यनारायण’मधला ‘त्य’ तीनदा चुकवला. बाबा पायानं चालवायचं ट्रेडल मशीन थांबवून म्हणाले, “जाई, आज देवाला सोड, तू बस जा.”

मंगळवारी सकाळी तो दारात. धुळीनं माखलेला, हसरा!

“चेअरमनसाहेबांनी मुद्दाम पाणी तोडून बटण दाबलं. मोटार ढिम्म हलली नाही. मग टाळ्या काय वाजवल्यात! बंगळूरला नकाराचं पत्र आताच टाकलं.” त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. “आणि हे... छापायचंय. थोडकंच आहे.”

मी आत्याच्या खांद्यावरून वाचलं. वाचणारच!

‘इफ जाई हो म्हणाली
चि. मानसिंग व चि. सौ. कां. जाई यांचा शुभविवाह
एंडिफ’

आत्याचे कान जास्वंदीसारखे झाले. ती खिळ्यांच्या खणांकडे वळली. टिक्... टिक्... टिक्. मानसिंग आमच्याकडे राहिलेली टोपी पिळत उभा. तिनं गाठ बांधली, दोनदा बघितली, शाईचा रूळ फिरवला आणि ओलं प्रूफ त्याच्या हातात दिलं.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं.

“यात एकच ओळ आहे. इफ कुठं गेला?”

“छापायच्या आधीच ठरलंय ते,” जाई आत्या म्हणाली, “कागदाला कशाला सांगायचं?”

ट्रेडल मशीनपाशी पाठ करून उभे असलेले बाबा खाकरले. “ते समदं झालं गं. पर ह्या खेपेला मुहूर्त तेवढा घाल!”