लेकीचा पगार

त्या व्याख्यानाला मी गेले ती पंख्यासाठी. मे महिना, साताऱ्याचं ऊन, आणि आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत पंखा नव्हता. वाचनालयाच्या सभागृहात चार होते आणि आत जायला पैसे पडत नव्हते. साल पंचाहत्तर. मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. त्या दिवशी पगारातून नवा व्यवसाय कर कापून पाकीट हातात आलं होतं. चारच रुपये गेले होते, पण माझं डोकं फिरलं होतं.

बोलणारा सांगलीचा होता. जोतीराम सूर्यवंशी, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा, तिशीच्या आतला. सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, आणि हातात खडू नसतानाही बोटांची चिमूट खडू धरल्यासारखी.

"सरकार म्हणजे आपलं घर नव्हे," तो सांगत होता. "घराच्या हिशेबाने सरकारचं कर्ज मोजायला गेलो, तर फसगत होते."

मी कधी उभी राहिले ते मलाच कळलं नाही. "आमच्याकडे पंचवीस तारखेला तेल संपतं," मी म्हटलं. "तेव्हा मी बिनफोडणीची आमटी करते. सरकारचं तेल संपलं की ते माझ्या बुधलीत हात घालतं. हे कुठलं अर्थशास्त्र?"

सभागृह हसलं. तोही हसला… आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मला उगाचच पदर सावरावासा वाटला.

"बाई, तुम्ही एकट्यांनी फोडणी बंद केलीत तर काही बिघडत नाही. सगळ्या साताऱ्याने एकाच दिवशी केली तर वाणी, तेली, शेंगा पिकवणारा, सगळेच बसतील. मग खर्च कुणी करायचा?"

"म्हणजे कर्ज काढून फोडणी?"

"बहात्तरच्या दुष्काळात तेच केलं की. लाखो माणसं खडी फोडायला लावली आणि मजुरी दिली. घरासारखा हात आखडला असता तर किती माणसं जगली असती?"

मी खाली बसले. लोकांना वाटलं, हरली.

व्याख्यान संपल्यावर तो दाराशी आला. "तुम्ही मध्येच गप्प झालात. मला ते जिंकल्यासारखं वाटलं नाही."

"त्या खडीवर माझी आई होती," मी म्हटलं. "दहिवडीच्या रस्त्याला. तिथेच तिची कंबर गेली."

त्याचा चेहरा उतरला. "माफ करा… मी नुसते आकडे सांगत होतो."

चूक कबूल करणारा मास्तर मी तोवर पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मी तिथेच फसले.

मग पत्रं सुरू झाली. प्रेमपत्रं म्हणावीत तर त्यात चंद्र नव्हता की चांदणं नव्हतं. तो लिहायचा, सरकार म्हातारं होत नाही म्हणून त्याला कर्ज जड जात नाही. मी लिहायची, सरकारला भाऊ शिकवायचा नसतो म्हणून. एका पत्राच्या शेवटी त्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'तुमचं उत्तर यायला आठ दिवस लागतात. ते फार होतात.' ते पत्र मी कचेरीत टाइपरायटरखाली ठेवून दिवसातून चारदा वाचलं.

श्रावणात मी टायपिंगच्या वरच्या परीक्षेसाठी सांगलीला गेले. पेपर झाल्यावर आम्ही कृष्णेच्या घाटावर बसलो. भुरभुर पाऊस होता, नदी गढूळ आणि भरलेली. त्याने भडंगाची पुडी मधे ठेवली.

"शालन," तो म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं नाव. "माझ्याशी लग्न कराल?"

मला होच म्हणायचं होतं. जीव तोडून म्हणायचं होतं.

"मानसिंगची, माझ्या भावाची, कऱ्हाडला कॉलेजची तीन वर्षं राहिलीत," मी म्हटलं. "त्याची फी, आईचं औषध, घरभाडं, सगळं माझ्या पगारावर आहे."

"मग पगार माहेरी द्या ना. मी एक पैसा मागणार नाही."

"तुम्ही नाही मागणार हो. आई घेणार नाही." मी पुडीतल्या लसणाच्या पाकळ्या उगाच बाजूला करत होते. "लेक दिली की तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, अशी रीत आहे आमच्यात. मी लग्न केलं तर ती उपाशी राहील, मानसिंगला कॉलेजातून काढेल, पण माझा पैसा शिवणार नाही. मी ओळखते तिला."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"व्याख्यान देऊ नका मात्र."

पुढच्या रविवारी तो साताऱ्याला आला. आई, राहीबाई, सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. तिने त्याला पाट दिला, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"न्हाई मास्तर. लेकीच्या पैशावर आय जगली, आसं लोकांनी म्हनावं व्हय?"

"दुष्काळात सरकारचे पैसे घेतलेतच की."

"ती मजुरी व्हती. दीसभर खडी फोडली तवा मिळाली. फुकाट न्हाई."

"काय केलंत त्या मजुरीचं?"

"काय करनार? जुंधळं आनलं. आन हिच्या टायपिंगची फी भरली."

"मग बघा." त्याचा आवाज अगदी हळू होता. "सरकारने कर्ज काढून तुम्हाला मजुरी दिली. तुम्ही पोटाला चिमटा घेऊन ती हिच्यात घातलीत. आज हिचा पगार सुरू झाला, तसा सरकारने त्यातला वाटा कापून घेतला. सरकारला लाज वाटली नाही. मग तुम्हीच का लाजायचं? कंबर तर तुमची गेली."

आईचा हात सुपात थांबला.

"बोलता ग्वाड," ती म्हणाली. "पर सरकार कन्यादान करत न्हाई. आमी करतो. दान दिल्यालं मागं घ्यायचं नसतं."

त्याच्या पुस्तकांत याला उत्तर नव्हतं. संपलं, असंच वाटलं मला.

आईने चार खडे वेचले आणि सूप बाजूला ठेवलं. "मंग दान द्यायचंच न्हाई," ती म्हणाली.

आम्हा दोघांनाही कळेना.

"कचेरीत सह्या करून लगीन करा. मामाच्या हातनं पानी सोडायचं न्हाई. माजी लेक तुमच्याकडं नांदंल, पर दिल्याली नसंल. मंग तिच्या पगाराला हात लावाया मी मोकळी. तीन वर्सं. मानसिंग कमाया लागला की एक पैसा नगो."

कन्यादानासारखं पुण्य नाही, असं लहानपणापासून तीच मला सांगत आली होती. वडील गेल्यावर त्या एका दिवसाची तिने वाट पाहिली होती. ते तिने असं बसल्या बसल्या सोडून दिलं. मला रडू आलं. ती माझ्याकडे बघेना.

"तुमची आय ऐकंल का?" तिने त्याला विचारलं.

"नाही ऐकणार," तो म्हणाला. "मी एकुलता एक आहे. तिला मांडव हवा, वाजंत्री हवी. ती रडेल, जेवायची नाही. तरी मी हेच करणार."

"तुमी नगा सांगू. मला न्या सांगलीला. मी बोलते तिच्यासंगं. तीबी आयच हाय."

मी त्याला एसटी स्टँडपर्यंत सोडायला निघाले. पोवई नाक्याशी तो थांबला.

"एक राहिलं. माझं ठरलं, आईंचं ठरलं… तुमचं काय ते कळलंच नाही. घाटावरसुद्धा तुम्ही फक्त अडचणी सांगितल्यात."

खरंच होतं. मी फी सांगितली होती, भाडं सांगितलं होतं, रीत सांगितली होती. मला काय हवं, ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मला तुम्ही हवे आहात," मी म्हटलं. "मे महिन्यापासून."

त्याने भर नाक्यावर माझा हात धरला. समोरून आमच्या कचेरीतले हेडक्लार्क सायकलवरून येत होते. त्यांनी पाहिलं, वळून पुन्हा पाहिलं. मी हात सोडवून घेतला नाही.