मेलेल्या कार्डावर आलेलं नेट

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटली तर वाचू नका. मला काही फरक पडत नाही.

आणि आधीच सांगतो, रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. कुत्री रडत नव्हती. नोव्हेंबरातला मंगळवार, दुपारचे पावणेतीन, शनिशिंगणापुरातून सोनईकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं एक पत्र्याचं सेवा केंद्र. बाहेर टळटळीत ऊन. भुतं फक्त बाराच्या ठोक्यालाच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्या अकलेची मला कीव येते.

ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा मावसभाऊ, हर्षल. नगरला सावेडीत त्याचं कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आहे. भाऊ आहे म्हणून झाकून ठेवणार नाही... एक नंबरचा भामटा. आणि तोंड तर असलं घाण की विचारू नका. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की ह्याचं नाक मुरडलंच. खेड्यातलं असलं तर झालंच. "ह्या ठोंब्यांना माऊस कुठल्या हातात धरायचा ते कळत नाही आणि निघालेत ऑनलाइन!" हे रोजचं.

ते सेवा केंद्र होतं भागवतचं. होतं म्हणतो, कारण अकरा महिन्यांपूर्वी घोडेगावजवळ हायवेवर भागवत ट्रकखाली गेला. मोटरसायकलचा चुरा झाला. खिशातल्या मोबाईलचाही चुरा झाला. हे मोबाईलचं नीट लक्षात ठेवा.

त्याच्यामागं त्याची बायको सत्यशीला ते केंद्र चालवायला लागली. दाखले, सातबारे, पोरांचे फॉर्म.

भागवत माणूस सरळ. त्याच्या मशीनवर लिनक्स होतं. म्हणायचा, "विंडोज इकत घ्यायची ऐपत न्हाई, आन चोरीचं टाकायचं तर आपल्या गावात चोरी चालत न्हाई." शिंगणापुरात घरांना दारं नसतात, कडीकुलूप नसतं, हे जगाला माहीत आहे. ह्यानं तोच नेम मशीनलाही लावला. मोबाईलवरून नेट सोडायचा, त्यालासुद्धा पासवर्ड नाही. घर उघडं तर नेट कशाला बंद, असं त्याचं म्हणणं.

हर्षल हे मित्रांना सांगून पोट धरून हसायचा. "येडं होतं रे ते!"

हसायचा... आणि त्याच भागवतच्या मशीनमधलं वाय-फायचं कार्ड ह्यानं चोरलं होतं.

झालं असं. दिवाळीच्या आधी सत्यशीलानं मशीन साफसफाईला सावेडीत आणून दिलं. आत भागवतनं हौसेनं बसवलेलं दोन अँटेनांचं भारी कार्ड. ह्यानं ते काढून स्वतःच्या दुकानातल्या मशीनला लावलं आणि भंगारातलं एक जळकं कार्ड तिच्या मशीनमध्ये ठोकलं. बाईला काय कळतंय! वर आणखी स्वतःचं समाधान करून घेतलं, की चोरी काही शिंगणापुरात केली नाही, नगरला केली. नगरला चालतं.

काय बोलायचं असल्या माणसाला?

मशीन गावात गेलं आणि नेट बंद. नेट यायचं ते समोरच्या मच्छिंद्रच्या घरातून, हवेतून. मच्छिंद्र म्हणजे भागवतचा चुलतभाऊ. आता हवेतून येणारं नेट धरायला कार्डच जिवंत नाही म्हटल्यावर काय होणार? सत्यशीलानं फोन केला. ह्यानं आठ दिवस टोलवलं आणि त्या मंगळवारी गेला. मशीन निकामी ठरवायचं, लिनक्सच्या नावानं बोटं मोडायची आणि नवीन कार्ड गळ्यात मारायचं, एवढाच ह्याचा बेत.

केंद्राला शटर नाही, नुसता पडदा. पडदा सारून हा आत गेला तर सत्यशीलाजवळ एक पोरगी बसलेली. पूजा. हातात फाईल, डोळे रडून लाल.

"हर्षलभाऊ, बरं झालं आलात," सत्यशीला म्हणाली. "हिचं नर्सिंगला नाव लागलंय. आज पाचच्या आत कन्फर्म करायचंय, न्हाईतर जागा जाती. समदे कागद ह्याच मशीनमदी हायेत."

"पाच वाजता बंद होतंय ओ," पूजा म्हणाली. "आईबाप ऊसतोडीला कोपरगावला गेलेत. नंबर गेला तर मला पण कोयता घेऊन जावं लागंल. बा तसं बोललाय."

पोरीचं सगळं आयुष्य त्या सव्वादोन तासांवर टांगलेलं. आणि आमचे बंधुराज काय म्हणाले?

"मग पुढच्या वर्षी भर की फॉर्म. एवढं काय रडायचं?"

ऐकताना माझं डोकं फिरलं होतं. आजही फिरतं. खिशातला मोबाईल नुसता वायरीनं मशीनला जोडला असता तरी दोन मिनिटांत नेट आलं असतं. ह्याला माहीत होतं ते. पण मग नवीन कार्ड कसं खपणार?

तो खुर्चीत बसला. मशीनची एका बाजूची पत्र्याची झडप काढून ठेवली. काळा पडदा उघडला, ज्यावर कमांड टाकतात तो. दोघींवर छाप पाडायला खटाखट बोटं आपटायला लागला.

आधी मशीनच्या आत काय काय जोडलंय त्याची यादी मागवली. यादी आली. वाय-फायच्या कार्डाचं नावच नाही.

बरोबरच होतं. जळकं कार्ड कुठून दिसणार?

मग मशीन सुरू झाल्यापासूनच्या नोंदी काढल्या. कार्ड उठत नाही, कार्ड उत्तर देत नाही... लाल अक्षरांच्या ओळीच ओळी.

"बघा वहिनी," हा म्हणाला. "फुकटातलं लिनक्स. भागवतनं फुकटचं टाकलं, आता भोगा. ड्रायव्हरच मिळत नाही ह्याला. मशीन दुकानात न्यावं लागेल."

सत्यशीला नुसती बघत राहिली. ह्याच्याकडं नाही... ह्याच्या खुर्चीच्या मागं.

हर्षलनं शेवटची कमांड टाकली. आसपास कुठली नेटवर्क दिसतात ती शोधणारी. मुद्दाम टाकली. यादी रिकामी येणार आणि ती ह्या बायांना दाखवता येणार.

एंटर मारलं.

रस्त्यावर तेल विकणाऱ्या दुकानदारांचा गलका चालू होता. गाड्या येत होत्या, जात होत्या. पार्किंगवाला पोरगा शिट्टी फुंकत होता...

आणि सगळं थांबलं.

एकदम. गलका नाही. शिट्टी नाही. डोक्यावरचा पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज नाही.

पडद्यावर एक ओळ आली.

एकच.

भागवत.

पुढं सिग्नल... शंभर. आणि पासवर्डाच्या जागी नुसती एक आडवी रेघ. म्हणजे उघडं.

"मच्छिंद्रनं नाव बदललं काय?" हर्षलनं विचारलं.

"न्हाई," सत्यशीला हळूच म्हणाली. "ते ह्यांच्या मोबाईलचं नाव हाय."

ज्या मोबाईलचा चुरा झाला होता, त्याचं.

हर्षलनं नाव पुन्हा एकदा वाचलं. पण माज असा सहज जातो होय? "जुनं काहीतरी साठून राहिलेलं दाखवतंय," असं पुटपुटत त्यानं ओळ पुसली. परत कमांड मारली.

भागवत. शंभर.

परत पुसली. ह्या वेळी कमांड टाकलीच नव्हती...

ओळ आपोआप आली. खाली आणखी एक. 'जोडले गेले.'

"आलं नेट! काकू, आलं!" पूजा ओरडली. तिला बिचारीला काय माहीत. ती पुढं सरकून माऊस हातात घेऊन बसली. साइट उघडली. भराभर. नगरला दुकानात उघडत नाही एवढी भराभर.

हर्षल खाली वाकला. मशीनच्या उघड्या बाजूनं आत हात घातला. कार्डाचा स्क्रू काढला आणि ते जळकं कार्ड चालू मशीनमधून उपसून बाहेर घेतलं. असं कोण शहाणा करतो? पण ह्याला सिद्ध करायचं होतं. कुणाला, देव जाणे.

कार्ड ह्याच्या हातात. जागा रिकामी.

पडद्यावर शंभर.

दहावीचं सर्टिफिकेट चढलं. बारावीचं चढलं. जातीचा दाखला चढत होता तेव्हा हर्षलच्या उजव्या खांद्यावर काहीतरी टेकलं. कुणी खुर्चीमागून पुढं वाकून पडद्यात बघावं आणि वाकताना सहज हात ठेवावा... तसं. वजन होतं त्याला. ऊब नव्हती.

पूजा मशीनजवळ. सत्यशीला समोर. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर.

हर्षलला मान वळवता येईना. सावेडीतला सगळा माज त्या पत्र्याच्या खोलीत घामावाटे गळत होता. खरं सांगू? ऐकताना मला त्याची दया आली नाही.

प्रिंटर घरघरला. 'प्रवेश निश्चित.' तीन वाजून बारा मिनिटं.

खांद्यावरचं वजन उचललं गेलं. आणि रस्त्यावरचा गलका परत सुरू झाला.

हर्षल बॅग तिथंच टाकून पळाला. मशीनची झडपसुद्धा लावली नाही.

नगरला पोहोचला तेव्हा त्यानं ठरवून टाकलं होतं, ऊन लागलं, भास झाला. दुकान उघडलं. स्वतःचं मशीन सुरू केलं. तेच, भागवतचं कार्ड लावलेलं. सावेडीतल्या त्या गल्लीत चाळीस तरी नेटवर्क दिसतात.

यादी उघडली...

एकच ओळ.

ह्यानं मशीन बदललं. तेच. सगळं पुसून नव्यानं सिस्टिम टाकली. तेच. कार्ड काढून बाजारातून नवीन कोरं कार्ड आणून लावलं. गिऱ्हाइकाच्या मशीनवर ते चालत होतं. ह्यानं कीबोर्डला हात लावला की चाळीसच्या चाळीस नावं गायब आणि उरायचं एक. शिंगणापूर तिथून कितीतरी लांब. सिग्नल शंभर.

दोन रात्री हा झोपला नाही. गुरुवारी सकाळी भागवतचं कार्ड फडक्यात गुंडाळलं आणि गेला परत करायला. मी म्हणालो होतो, पाया पड, कबूल कर. त्याला तेवढं कुठून जमणार!

केंद्रात गर्दी होती. सत्यशीला दाखले काढत होती. मशीन झकास चाललेलं. बाजूची झडप ह्यानं काढून ठेवली होती तशीच भिंतीला टेकवलेली.

आत कार्डाची जागा रिकामी.

"वहिनी..." हर्षलनं फडकं पुढं केलं. "चुकून तुमचं कार्ड माझ्याकडं राहिलं होतं."

तिनं हात पुढं केला नाही. पायाखाली काहीतरी घाण आल्यासारखं त्या फडक्याकडं बघितलं.

"चुकून व्हय?" ती म्हणाली. "मला दिवाळीतच कळलं हुतं."

"मग... मग मला दुरुस्तीला बोलावलं कशाला?"

"दुरुस्ती कुनाला पाहिजे हुती? नेट तवाबी चालतच हुतं. पोरीचा फॉर्म मी सकाळीच भरनार हुते." तिनं प्रिंटरमधला कागद काढून समोरच्या म्हाताऱ्याच्या हातात दिला. आवाज अगदी रोजचा. "हेच म्हनले, थांब. त्याला बोलाव. त्याच्या डोळ्यांदेखत भरू."

रांगेतलं कुणी हसलं नाही. कुणी दचकलंही नाही.

"आन ते कार्ड ठिवा तुमच्यापाशीच," ती म्हणाली. "ह्यांचं त्याच्याबगर चालतंय."

हर्षल अजून दुकान चालवतो. नुसतं नावाला. गिऱ्हाईक आलं तर शेजारच्या दुकानात पाठवतो. कुणाला ठोंब्या म्हणत नाही. बोलतच नाही फारसं.

मागच्या आठवड्यात मी त्याला विचारलं, "अरे, दिसतंय तर दिसू दे की. तू जोडू नकोस, म्हणजे झालं."

तो उजवा खांदा चोळत होता.

"मी कुठं जोडतो," म्हणाला. "ते जोडतं. आणि जोडलं की मागं कुणीतरी वाकून बघतं... मी काय काय चोरलंय ते."

मी मागं बघितलं नाही. चहा अर्धा ठेवून उठलो आणि तडक घरी आलो. त्यानंतर मी त्या दुकानात गेलेलो नाही.