कौशल्याबाईंचं कपाट

मनोहररावांनी शेकोटीत कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्या सरकवल्या आणि पोरांना बजावलं, मोहिनी माझ्या साडभावाची लेक, खोटं बोलणारी नव्हे.

मोहिनी सिंदी रेल्वे या गावची. घरी राहून बाहेरून एम.ए. करत होती, विषय जागतिक साहित्य. फोनवर शोधावं, तर कुठे दहा पानं दाखवून पुस्तक बंद, कुठे कॉलेजचा पासवर्ड हवा. तिला कॉलेजच नव्हतं. गावच्या वाचनालयात मात्र कौशल्याबाई मास्तरणीनं बऱ्याच वर्षांपूर्वी मरताना दिलेलं एक कपाट होतं. रशियन, फ्रेंच, जपानी कादंबऱ्या, सगळ्या मराठीत. पण वाचनालय समितीचे अध्यक्ष हेमराज सेठ, सरकीचे दुकानदार. त्यांनी तिथं सरकीची पोती रचून दाराला कुलूप घातलेलं. मोहिनी पावसाळ्यापासून चकरा मारत होती.

"सगळं ऑनलाइन असते ना आता," हेमराज म्हणायचे. "कायले पाह्यजे तुले ते जुनं?"

शेवटी एका संध्याकाळी तिचं डोकं फिरलं. त्यांच्या भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ती म्हणाली, "बाईनं पुस्तकं गावाले देल्ली, तुमच्या सरकीले नाई."

हेमराजनं दाराची किल्ली फेकली. कपाटाची हरवली म्हणे.

सकाळपर्यंत हा माणूस शब्द फिरवेल, म्हणून ती तशीच निघाली. गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या, शुक्रवार. रात्रीचे साडेनऊ. आत दिवा नव्हता. फोनच्या उजेडात शिव्या मोजत तिनं कपाटापुढची पोती ओढली.

आत पान उलटलं.

उंदीर असेल.

पुन्हा उलटलं. सावकाश. माणूस वाचतो तसं.

राग अजून उतरला नव्हता. तिनं कपाटावर हात आपटला. "कोन आहे?"

आवाज थांबला...

मग बाईचा स्वर. म्हातारा. संतापलेला.

"इतके वर्ष... कोनीच काऊन नाई आलं?"

मोहिनी मागं सरली.

कपाट हादरलं. आतून. कुलूप दारावर आपटू लागलं...

ती पळाली.

सकाळी ती चार माणसं आणि हेमराजला घेऊन परत आली. कुलूप तसंच होतं. तिनं ते हेमराजच्याच हातानं तोडायला लावलं.

आत वाळवी. वरपासून खालपर्यंत माती. हात लावला की पुस्तकाचा भुगा.

मोहिनी रडली नाही. म्हणाली, "पाहा. हे तुमचं ऑनलाइन."

हेमराजनं मान खाली घातली, आणि तसेच थबकले.

मधल्या फळीवर एक पुस्तक शाबूत होतं. उघडं. पानाच्या कोपऱ्यावर बोटाचा डाग, थुंकी लावून पान उलटताना पडतो तसा.

हेमराजनं त्या डागावर अंगठा टेकवला.

ओला होता.