हिरव्या कोटाचं काज

शिवणवाल्या बाई आल्या तेव्हा भाऊजी चहाचे कप विसळत होते. वहिनींच्या खाजगी तपासाच्या धंद्यात हिशेब ठेवणं, दार उघडणं आणि चुकीचा माणूस गुन्हेगार ठरवणं, ही तिन्ही कामं या धाकट्या दिराकडे होती. तिसरं ते फार मन लावून करत.

बाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. पर्सचा पट्टा उजव्या खांद्यावरून सारखा घसरत होता आणि त्या बोलता बोलता तो वर सरकवत होत्या. स्वेटरवर छातीपाशी पांढरट डाग होता. भाऊजींनी ओला फडका पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या. खडू आहे. सवयीनं जवळ बाळगते, सगळे कपडे खराब करतो मेला."

मग त्यांनी गाऱ्हाणं सांगितलं. मंदीत कामं आटली, तशी सरकारनं स्वतःचा धंदा करणाऱ्यांना दरमहा मदत सुरू केली. अट एकच, त्या काळात पैशाचं काम घ्यायचं नाही. बाईंनी अट पाळली, दुकानाला कुलूप लावलं. पण मदत कार्यालयाचे साहेब अचानक तपासणीला आले, बाईंनी त्यांच्यासमोर दार उघडलं, आणि आत हँगरवर नवाकोरा हिरवा कोट. साहेबांनी तिथल्या तिथे मदत थांबवली. सोमवारपर्यंत खुलासा पटला नाही, तर नाव कायमचं कटणार होतं.

"भाडं त्याच पैशांतून जातं. दुकान गेलं तर मी कोण उरले?" बाई म्हणाल्या. "आणि तो कोट मी शिवलेला नाही."

वहिनींनी फीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांचा स्वतःचा मदतीचा अर्ज, धंद्यांच्या यादीत गुप्तहेर बसत नाही म्हणून परत आला होता.

दुकान एका खोलीचं. मशीनवर धुळीचा पातळ थर होता. सुईखाली कापडाचा तुकडा दाबून ठेवला होता, त्यावरही धूळ. काम संपलं की सुईखाली तुकडा ठेवायचा, ही आपली शिस्त, असं बाईंनी सांगितलं. हाताखाली शिकलेल्या एकुलत्या एक मुलीलाही त्यांनी ती रागावून रागावून लावली होती.

भाऊजींनी कोट शिवणाच्या पुतळ्यावर चढवून पाहिला. उजवा खांदा खाली लोंबला.

"वाकडा शिवलाय," भाऊजींनी निकाल दिला. आत छातीपाशी एक चपटा, उथळ खिसा होता. त्यांनी त्यात चष्मा घालून पाहिला, तो मावेना. "खिसाही बिनकामाचा. वहिनी, हे कुणा नवशिक्याचं काम."

वहिनी भिंग घेऊन काजं बघत राहिल्या. दुकानाच्या किल्ल्या आणखी कुणाकडे, एवढंच त्यांनी विचारलं. एक बाईंच्या दिराकडे होती. दुसरी त्या शिष्येकडे. तिनं स्वतःचं दुकान थाटलं, तरी किल्ली परत मागायचं बाईंच्या जिवावर आलं होतं.

बाईंचा दीर शेजारीच हार्डवेअर विकत होता. बाईंचं दुकान गोदामाला मिळालं तर हवंच आहे, असं त्यानं तोंडावर सांगितलं. "पण लबाडी करून नको. कोट ठेवायला मी तो आणणार कुठून?" त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण तारेनं आवळलेलं होतं. भाऊजींचा संशय तरीही त्याच्यावरच बसला.

शिष्येचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. तीही मदतीवरच होती. तिच्या मशीनच्या सुईखालीही तुकडा होता, पण लख्ख. आणि सुईत हिरवा दोरा. बाईंचं नाव काढताच तिनं मान खाली घातली. "माझं काज बाईंना कधी पटलं नाही," एवढंच बोलली.

शेवटी कार्यालयातले साहेब. त्यांचा स्वतःचा कोट बाईंनीच शिवलेला. "मला फसवू नका," ते म्हणाले. "असं काज या शहरात दुसऱ्या कुणाला जमत नाही. वाईट मलाही वाटतं, पण नियम आहे."

सोमवारी वहिनींनी सगळ्यांना बाईंच्या दुकानात बोलावलं. भाऊजी हार्डवेअरवाल्याची वाट अडवून दारात उभे राहिले.

"साहेब, ही मशीन बघा," वहिनींनी सुरुवात केली. "धूळ हललेली नाही. म्हणजे कोट इथे शिवला गेला नाही, शिवून इथे आणला गेला. आता बाई, तो अंगात घाला."

बाईंनी कोट घातला. भाऊजी आ वासून बघत राहिले. पुतळ्यावर वाकडा दिसणारा कोट बाईंच्या अंगावर सरळसोट बसला होता.

"जन्मभर मशीनवर वाकून बाईंचा उजवा खांदा उतरलाय. पर्स सुद्धा टिकत नाही त्यावर," वहिनी म्हणाल्या. "आता खडू आतल्या खिशात ठेवा."

शिंप्याचा चपटा खडू खिशात नेमका बसला.

"ज्यानं शिवला त्यानं माप घेतलं नाही, कारण बाईंना पत्ता नव्हता. तो खांदा रोज बघणारं माणूस हवं, हातात किल्ली हवी, शिवणकला हवी. बाईंच्या दिरांना स्वतःचं बटण लावता येत नाही. भाऊजी, त्यांना बसू द्या."

शिष्या रडू लागली. बाईंनी गावभर कोट शिवले, स्वतःला कधी शिवला नाही, म्हणून उरलेल्या कापडातून तिनं तो शिवून गुपचूप टांगला होता. बाई दुकान उघडून बघायच्या आत साहेब पोचले. "मी शिवला म्हटलं असतं तर माझीही मदत गेली असती. घाबरले मी. चुकलंच माझं."

"पैशाचं काम घ्यायचं नाही, अशी अट आहे ना साहेब?" वहिनींनी विचारलं. "इथे गिऱ्हाईक कोण? पैसे कुणी दिले?"

साहेबांनी कोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या कोटाकडे. दोघींची मदत चालू राहील, असं म्हणून ते खुलासा लिहायला बसले. "पण मी शपथेवर सांगितलं असतं की काज बाईंचंच आहे," ते पुटपुटले.

बाई खिडकीशी गेल्या. कोटाचं काज उजेडात धरून त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, एकदा उलट, एकदा सुलट. भाऊजींना वाटलं, आता पोरीची खरडपट्टी निघणार.

"साहेब, नीट लिहा," बाई म्हणाल्या. मान ताठ होती आणि डोळे भरले होते. "हे काज माझं नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरीचं आहे."